कॉल सेंटरमध्ये ध्यान आणि आपुलकी आणायची आहे, शुक्रवारचं नाटक न होता. कसं बसवायचं?

फ्लोअरवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुण्यातलं आरोग्यविम्याच्या दाव्यांचं चौकशी केंद्र आहे. ४८ जण, दोन पाळ्या (सकाळी ७ ते ४ आणि दुपारी १ ते १०), प्रत्येक पाळीत २४, आठ जणांमागे एक टीम लीड. सोमवार ते शुक्रवार. फोन करणारा माणूस बऱ्याचदा रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर उभा असतो आणि कॅशलेस मंजुरी अडकलेली असते, त्यामुळे शिव्या आणि रडणं दोन्ही रोजचंच.

वरून आदेश आहे की ‘माइंडफुलनेस आणि आपुलकीची संस्कृती’ आणा. सोबत तयार प्रस्तावही आलाय: दर शुक्रवारी संध्याकाळी तासभर ध्यान, सगळ्यांना एक ॲप, महिन्यातून एकदा ‘मन मोकळं करा’ बैठक. फ्लोअरवर याची टिंगल आत्ताच सुरू आहे.

ध्यान किती वेळ आणि दिवसात कधी ठेवायचं? टीम लीडने नेमकं काय करायचं? लोक बोलते कसे होतील, आणि बोललेच तर पुढे काय? चाललंय की नाही हे कशावरून ओळखायचं? कामाचं सांगा, सुविचार नकोत, हात जोडते.

---

आकडेमोड

आधी रोस्टर, मग ध्यान.

शुक्रवारचा तास कामाच्या वेळेत असेल तर ४८ माणसांचे ४८ तास जातात, म्हणजे आठ तासांच्या सहा पाळ्या. रोज १० मिनिटं दिली तर आठवड्याला ४० तास, पाच पाळ्या. रोजचं स्वस्त पडतं! तरी वरच्यांना शुक्रवार आवडतो, कारण तो तास बहुधा चारनंतरचा असतो, लोकांच्या घरी जाण्याच्या वेळेतून काढलेला. तसं असेल तर प्रस्ताव तिथूनच परत पाठवा. पगारी वेळेत बसत नसेल ते कोणी मनापासून करणार नाही.

ब्रेक वगळून ४८० मिनिटांच्या पाळीत १० मिनिटं म्हणजे २.१ टक्के श्रिंकेज (पगारी पण फोनवर नसलेला वेळ). ४८ जणांचं मिळून दिवसाला बरोबर एक माणूस. हा माणूस रोस्टरमध्ये धरला नाही तर काय होतं ते बघा. सकाळी ११ ला २४ जण लॉगिन आहेत, ऑक्युपन्सी (लॉगिन वेळेपैकी कॉलमध्ये गुंतलेला वेळ) ८० टक्के. त्यातले चार उठले की तोच भार वीस जणांवर येतो आणि ऑक्युपन्सी ९६ होते. या टप्प्याला क्यू, म्हणजे थांबलेल्या कॉलची रांग, हळूहळू वाढत नाही, एकदम उसळतो. बाहेरच्या वीस जणांना एक कॉल ठेवला की पुढच्या सेकंदाला दुसरा. आतले चौघे ‘शांत’ होऊन परत येतात ते तुंबलेल्या क्यूवर आणि शेजाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवर. तिसऱ्या आठवड्यात उठायला कोणी तयार नसतं, आणि अहवालात ‘कर्मचाऱ्यांना रस नाही’ असं लिहिलं जातं.

तुमच्याकडे १ ते ४ दोन्ही पाळ्या एकत्र असतात, तीच तुमची जागा. अडीचपर्यंत जेवणं चालतात. ३ ते ४ मध्ये आठ-आठ जणांचे सहा गट, प्रत्येकी १० मिनिटं. ४८ पैकी ८ उठले तर ६५ ची ऑक्युपन्सी ७८ पर्यंत जाते, ते झेपतं. मात्र तुमचा स्वतःचा अर्ध्या तासाचा इंटर्व्हल रिपोर्ट (कुठल्या अर्ध्या तासात किती फोन आले) काढून बघा. मंजुऱ्यांच्या कामात डिस्चार्जची वेळ आणि फोनची गर्दी एकत्र येते आणि ती वेळ प्रत्येक केंद्राची वेगळी असते. पहिले तीन गट सकाळच्या पाळीचे ठेवा, म्हणजे चारची कॅब कोणाची चुकणार नाही. जाण्यायेण्यात तीन मिनिटं जातातच, तेव्हा प्रत्यक्ष बसणं सातच मिनिटांचं समजा.

ध्यानापेक्षा जास्त उपयोग ज्या गोष्टीचा होतो ती म्हणजे वाईट कॉलनंतरची तीन मिनिटं. फोनवर वेगळा ऑक्स कोड (‘सध्या कॉल देऊ नका’ सांगणारं बटण) उघडा. शिव्यांचा किंवा मृत्यूच्या दाव्याचा कॉल संपला की एजंट (फोन घेणारा कर्मचारी) स्वतः तो कोड लावेल, हेडसेट काढेल, पाणी पिईल. परवानगी विचारायची नाही. हा कोड ॲडहिअरन्सच्या (वेळापत्रक किती पाळलं त्याच्या) हिशेबातून वगळा आणि टीम लीडच्या स्क्रीनवर नावानिशी दाखवू नका, फक्त टीमची एकूण मिनिटं दाखवा. नावानिशी दिसला की तो कोड मेलाच म्हणून समजा. कोडचं नाव ‘स्ट्रेस’ ठेवू नका, ‘विराम’ पुरे. माणशी दिवसाला दोनदा धरला तर २८८ मिनिटं होतात, म्हणजे ०.६ माणूस. ध्यानाचा एक आणि हा मिळून १.६. वर मागणी करायची ती याची, ॲपची नाही.

---

दीर्घश्वास

वेळेचं गणित वर आलंय, मी खोलीतलं सांगते.

खोली फ्लोअरलगत हवी आणि काचेची असेल तर कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीला कागद लावा. बाहेरून कोणी बघतंय असं वाटलं की माणूस बसल्याचं सोंग करतो. चाकांच्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवा. हेडसेट आणि ओळखपत्राची दोरी काढून ठेवायची, फोन बाहेर. टायमरचा आवाज निवडताना जपा: कॉल येताना जो बीप वाजतो त्याच्या जवळपासचा टोन नको. दिवसभर त्या आवाजावर कामाला लागायची सवय झालेलं अंग सातव्या मिनिटाला दचकतं आणि सगळं पाण्यात जातं.

पहिलं मिनिट पावलं जमिनीवर, पाठ टेकलेली असली तरी चालेल, हात मांडीवर. डोळे अर्धे उघडे, नजर दोन-तीन हातांवर जमिनीकडे. दुसऱ्या ते पाचव्या मिनिटात श्वास बाहेर जाताना मनात एक, दोन, असं दहापर्यंत मोजायचं आणि परत एकपासून. आकडा हुकला की एकपासून, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही. सहाव्या मिनिटाला मोजणं सोडून कानावर पडेल ते ऐकायचं, एसीची घरघर, बाहेरचा हॉर्न. सातव्याला नजर वर, खोलीत इकडेतिकडे बघायचं, उठायचं. संपल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारू नका. कोणाला काहीच वाटलेलं नसतं आणि मग सगळे शोधून शोधून ‘छान’ म्हणतात.

दुपारी तीनला झोप येणारच. ज्याला येते त्याने उभ्याने करावं, पाठ भिंतीला. तरी रोज कोणी घोरत असेल तर ध्यान शिकवत बसू नका, त्याचं रोस्टर बघा. रात्री दहाला सुटून दुसऱ्या दिवशी सातला लॉगिन लावलेलं सापडेल.

सर्दी, दमा, छातीत धडधड असणाऱ्यांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घुसमटल्यासारखं होतं. त्यांना तळपायाकडे किंवा आवाजाकडे लक्ष द्यायला सांगा. ओंकार, उदबत्ती, कुणा गुरूंचा फोटो यातलं काही नको. ज्याला ते आवडतं तो घरी करतोच, ज्याचं नाही तो ऑफिसात परका होतो.

सूचना वाचणारा माणूस एजंटांपैकीच असावा, आठवड्याला बदलणारा, हातात सव्वाशे शब्दांचा लिहिलेला कागद. टीम लीड नको. ज्याच्याकडे अप्रेझल आहे त्याच्यासमोर अर्धवट डोळे मिटून कोणी निवांत होत नाही.

आणि फायद्यांचं पोस्टर लावू नका. ज्या पद्धतीवर बरंचसं संशोधन झालंय तो जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम आहे: आठवड्याला सुमारे अडीच तासांचा वर्ग, घरी रोज पाऊण तासाच्या आसपास सराव, शिवाय एक अख्खा दिवस. ध्यानाच्या कार्यक्रमांच्या ४७ चाचण्यांचा २०१४ चा आढावा चिंता, नैराश्य आणि वेदना यांच्यासाठी माफक सुधारणा दाखवतो. सात मिनिटांना ते श्रेय चिकटवलं तर ती थाप होईल. सात मिनिटांत कॉल आणि कॉल यांच्यामध्ये एक फट पडते, तेवढीच अपेक्षा ठेवा. बसायचंच नसेल त्यांच्यासाठी आयुष मंत्रालयाचा ‘वाय-ब्रेक’ आहे, पाच मिनिटांचा, फुकट, ॲप सप्टेंबर २०२१ पासून उपलब्ध. खांदे-कंबर मोकळी करणं, थोडा प्राणायाम. त्यासाठी वेगळं ॲप विकत घ्यायची गरज नाही. इगतपुरीसारख्या ठिकाणची विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चांगली आहेत, पण तिथे माणसाने आपल्या मनाने जावं, ऑफिसने धाडू नये.

---

शंकासुर

एवढी खटपट कशाला? ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासलेला ऑक्सफर्डचा अभ्यास २०२४ मध्ये आलाय. रेझिलिअन्स ट्रेनिंग (ताण पेलायचं प्रशिक्षण), माइंडफुलनेस, ॲप, यात भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात घेणाऱ्यांच्या बाजूने फरक सापडला नाही. थोडा फायदा दिसला तो फक्त समाजसेवेची संधी मिळालेल्यांना. कामाचा बोजा तसाच ठेवून माणसाला श्वास मोजायला लावणं म्हणजे दोष त्याच्याच गळ्यात बांधणं. शिव्यांवर नियम करा आधी. दोनदा सूचना, तिसऱ्यांदा कॉल बंद, आणि एजंटाला जाब नाही.

---

दीर्घश्वास

तो अभ्यास एका वेळच्या पाहणीवर आहे. आधीच जास्त त्रासात असलेली माणसंच अशा कार्यक्रमांना जातात अशी शक्यता उरते, संशोधकाने ती तपासली असली तरी पूर्ण फिटत नाही. पण शिव्यांच्या नियमाबद्दल शंभर टक्के सहमत. तो नियम नसेल तर माझी खोली बंद ठेवलेली बरी. फक्त तुमच्याकडे फोन करणाऱ्यांसाठी त्यात एक पोटकलम हवं: रुग्ण आत असताना ओरडणारा नातेवाईक आणि एजंटाच्या आईवर जाणारा माणूस वेगळे. पहिल्याचा कॉल तोडायचा नाही, वरिष्ठाकडे द्यायचा. आणि वरिष्ठाने तो खरंच घ्यायचा.

---

टीएल-घडवणारा

‘मन मोकळं करा’ बैठक रद्द करा. ४८ जणांसमोर महिन्यातून एकदा मन मोकळं होत नाही. दोन वाचाळ बोलतात, एक रडतो आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी त्या रडणाऱ्याबद्दल बोलतात.

आपल्याकडे ऑफिसात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत हा रोग नाहीच. चहाला गेलं की लग्न कधी, गाव कुठलं, आडनावावरून पुढचे अंदाज, फ्लॅटचा हप्ता किती, सगळं निघतं. बोलली जात नाही ती कामातली अडचण, आणि ती ज्याच्या हातात सोडवणं आहे त्याच्याशी. तेव्हा बोलण्याचा गोल खाजगी आयुष्याभोवती फिरवू नका, कामाभोवती फिरवा. जवळीक त्यातून येते.

आठवड्यातून एकदा प्रत्येक टीमचे आठ जण आणि लीड, १५ मिनिटं, गोलात उभ्याने. त्या दिवशी त्या टीमचं ध्यान नाही, त्याच जागेत हे. पाच मिनिटांची भर रोस्टरमध्ये टाका. दोन प्रश्न कायमचे: ‘या आठवड्यात कुठला कॉल डोक्यात राहिला?’ आणि ‘काम करताना कुठे अडलं?’ माणशी साधारण मिनिटभर, ‘पुढे’ म्हणायची मुभा, कारण द्यायचं नाही. कोणी बोलताना सल्ला नाही, ‘अगं असं होतंच’ नाही, ‘माझ्याकडे तर याहून वाईट’ तर मुळीच नाही. पहिले चार आठवडे लीडने आधी बोलावं आणि खरं बोलावं, लहानसं: ‘मंगळवारी दोघांचे ब्रेक एकाच वेळी लावले, माझं चुकलं.’ लीड सुरुवातीलाच ‘सगळं मस्त’ म्हणाला की पुढचे आठही जण मस्त असतात. चार आठवड्यांनंतर लीडने मध्येच कुठेतरी बोलावं, म्हणजे सूर तो लावत नाही. भाषा मिसळलेली ठेवा. टीममध्ये एकच हिंदीवाला किंवा कन्नडवाला असेल तर मराठीच्या ओघात तो महिनोन्महिने नुसता मान डोलावत उभा असतो.

शेवटची तीन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. निघालेल्या अडचणींतली एकच निवडायची आणि फलकावर लिहायची: काय, कोण करणार, कधीपर्यंत. उदाहरणार्थ, ‘नाकारलेल्या दाव्याचं कारण स्क्रीनवर फक्त कोडमध्ये दिसतं, ग्राहकाला समजेल असं वाक्य हवं. जबाबदार: टीम लीड. पुढच्या बुधवारपर्यंत क्लेम्स विभागाकडून यादी.’ पुढच्या आठवड्यात सुरुवात त्या ओळीपासून. झालं नसेल तर का नाही ते सांगायचं. तीन आठवडे सलग ‘बघतो’ ऐकलं की लोक ‘पुढे’ म्हणायला लागतात, आणि मग कितीही गोल उभे करा.

दुसरं, एकास एक भेट. पंधरवड्याला २५ मिनिटं. आठ जणांचे लीडचे ३ तास २० मिनिटं होतात; त्याच्या कामातून तेवढं काढून द्या, नाहीतर पहिली रद्द होणारी गोष्ट हीच. कॉलचे क्वालिटी गुण या भेटीत काढायचे नाहीत, त्याची बैठक वेगळी. ते आकडे टेबलावर आले की माणूस बचावाला बसतो. लॅपटॉप मिटलेला, समोरासमोर न बसता टेबलाच्या कोपऱ्याला लागून. पहिली दहा मिनिटं एजंटाची. विचारायचं ते असं की नुसतं हो-नाही करून सुटता येऊ नये: ‘मागच्या दोन आठवड्यांत माझ्यामुळे काम अवघड कधी झालं?’ पहिल्यांदा उत्तर येत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत येतं, आणि तेव्हा लीडने स्पष्टीकरण द्यायचं नाही, लिहून घ्यायचं. भेट रद्द झाली तर दोन दिवसांच्या आत नवी वेळ, आणि ती लीडने द्यायची.

लीड्सना हे सांगून येत नाही. दोन तासांची दोन सत्रं ठेवा, त्यात अर्धा वेळ जोड्या करून नुसता ऐकण्याचा सराव: एक चार मिनिटं बोलेल, दुसरा फक्त ऐकेल, मग ऐकलेलं दोन वाक्यांत सांगेल. बहुतेकांना दुसऱ्याच मिनिटाला सल्ला द्यायची खाज सुटते. ती कळली तरी अर्धं काम झालं.

---

समुपदेशक_पुणे ३०

वरच्यात काही कुंपणं घालून देते.

ध्यानाला न बसण्यासाठी कारण विचारायचं नाही, लेखी तर नाहीच. नुकताच घरात मृत्यू झालेला, पूर्वी अत्याचार किंवा अपघात सोसलेला, पॅनिकचा त्रास असलेला माणूस शांततेत जास्त अस्वस्थ होऊ शकतो. तो आपण होऊन सांगणार नाही. त्या दहा मिनिटांत त्याला चहा प्यायला किंवा गच्चीत जायला मोकळीक असली की प्रश्न मिटला. बसलेल्यांपैकी कोणाचा श्वास जोरात चालू झाला, हात थरथरले, तर ‘लक्ष श्वासाकडे आण’ म्हणू नका. डोळे उघडायला सांगा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा, सोबत एकाला देऊन बाहेर न्या.

गोलात ‘इथलं इथेच राहील’ असं सरसकट वचन लीडने देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. लैंगिक छळाची गोष्ट निघाली तर ती दाबून ठेवणं चुकीचं आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि लेखी तक्रारीची मुदत साधारणपणे घटनेपासून तीन महिने. लीडने तिथल्या तिथे चौकशी करायची नाही, साक्षी गोळा करायच्या नाहीत. गोल थांबवून नंतर एकटीला भेटून समितीची वाट सांगायची, निर्णय तिचा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली तर मात्र त्याच दिवशी, त्याच तासाला हालचाल. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, ‘मरावंसं वाटतंय का?’ असं सरळ विचारायला घाबरायचं नाही, आणि सोबत बसून फोन लावायचा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही. हा क्रमांक खोलीच्या दारावर आणि दोन्ही स्वच्छतागृहांत आतल्या बाजूने लावा. नोटीस बोर्डावरून कोणी चारचौघांत तो टिपून घेत नाही.

ॲपबद्दल: ‘आज मूड कसा आहे’ असं रोज विचारणारी ॲप्स असतात आणि त्यांचा गोषवारा एचआरला जातो. आठ जणांच्या टीममध्ये ‘दोघांचा मूड वाईट’ म्हणजे कोण ते सगळ्यांना कळतं. घेऊच नका.

---

फ्लोअरवाली

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवतेय. वर बोलणं झालं. एक माणूस वाढवायला तयार आहेत, १.६ ला नाही. बदल्यात दोन मागण्या: ध्यानाची हजेरी रोज नावानिशी हवी, आणि सर्वाधिक हजर राहणाऱ्याला महिन्याचं बक्षीस. शिवाय तीन महिन्यांनी ‘निकाल’ दाखवायचा आहे, त्यात एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ) कमी झालेला हवा.

---

आकडेमोड

एक माणूस मिळाला तर विराम-कोड पूर्ण चालवा, ०.६ त्यात गेला. उरलेल्या ०.४ मध्ये ध्यान आठवड्यातून दोनच दिवस बसतं. रोजचं अर्धंमुर्धं रेटण्यापेक्षा मंगळवार-गुरुवार नीट करा.

नावं देऊ नका, संख्या द्या. दाराशी बरणी आणि मणी. आत जाताना एक मणी टाकायचा, संध्याकाळी मोजायचे. बक्षीस नकोच, नाहीतर मणी दोन-दोन पडतील.

एएचटी निकालात घालू नका. ऐकून घेणारा एजंट सुरुवातीला जास्त वेळ बोलतो, त्यामुळे एएचटी वाढू शकतो. त्याऐवजी ऐनवेळच्या दांड्या, राजीनामे, त्याच दाव्यासाठी सात दिवसांत परत आलेले कॉल, आणि फलकावरच्या अडचणींपैकी किती सुटल्या हे मांडा. मागच्या १२ आठवड्यांचे आकडे आजच काढून ठेवा, नंतर तुलनेला काही उरत नाही.

---

टीएल-घडवणारा

त्यात टीममध्ये न घाबरता बोलता येतं का हे मोजणारी एक निनावी प्रश्नावली जोडा. संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९९ च्या शोधनिबंधातली सात विधानं आहेत, ‘या टीममध्ये चूक झाली की ती त्या माणसाविरुद्ध धरली जाते’ या धर्तीची. मराठी आणि हिंदीत करून कागदावर घ्या, ईमेलवर नको. सुरुवातीला एकदा आणि बाराव्या आठवड्यात एकदा. निकाल टीमनिहाय फोडू नका, पाळीनिहाय चोवीस जणांचा द्या. आणि सुरुवातीचा आकडा वाईट आला म्हणून कोणा लीडला केबिनमध्ये बोलावलं गेलं, तर बाराव्या आठवड्याची प्रश्नावली छापू नका, सगळी उत्तरं ‘सगळं मस्त’ येतील.